केबिनमधली दहा मिनिटं

"चाचा, या आता बाहेर. झाली तुमची दहा मिनिटं."

मी केबिनच्या काचेवर पेन्सिलीनं टकटक केली. शिकलगारचाचांनी मान वळवली, एक बोट वर करून 'एकच मिनिट' अशी खूण केली आणि फोन पुन्हा कानाला लावला. बोलत मात्र काहीच नव्हते. सकाळपासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं. माझ्यामागे रांगेत सातजण उभे होते आणि सातहीजण जणू हा माझाच अपराध असल्यासारखे माझ्याकडे बघत होते.

"नुसतंच बसत्यात ओ ते," मागून कुणीतरी म्हणालं. "एक शब्द बोलत न्हाईत. ओठसुद्धा हलत न्हाईत. मी बघतोय की मघाधरनं."

"मलाही डोळे आहेत," मी म्हटलं.

सांगलीच्या त्या पुराला आता सहा वर्षं झाली. त्या वेळी मी 'बैठक'मध्ये नोकरीला होते. तळमजल्यावर दुकानं, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आणि दुसऱ्या मजल्यावर आमचं को-वर्किंग. ज्यांना ऑफिस परवडत नाही आणि ज्यांचं घरी काम होत नाही, त्यांनी महिन्याच्या बोलीवर येऊन टेबल धरायचं. माझ्या पदाचं नाव कम्युनिटी मॅनेजर. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला हाक, एसी गार लागला की मला हाक, आणि फ्रीजमधलं कुणाचं दही कुणी खाल्लं की चौकशी समिती मीच. कम्युनिटी हा शब्द आमचा मालक निरंजन दिवसातून वीसदा उच्चारायचा. त्या कम्युनिटीचे कप मात्र मीच विसळायची.

पुराच्या आठवड्यात निरंजन पुण्यात होता, कोरडा. मी मात्र मंगळवारी सकाळी इमानेइतबारे कामावर आले आणि अडकले. दुपारी बारापर्यंत पाणी तळमजल्यावरच्या शटरच्या निम्म्यावर आलं. समोरच्या बैठ्या घरांतली माणसं, दुकानदार, वाटेत सापडलेले, सगळे जिना चढून आमच्याकडे आले. दवाखान्याला कुलूप होतं. तिसऱ्या मजल्यावर बिरनाळेकाकूंचं बिऱ्हाड, तिथं म्हाताऱ्या माणसांची सोय केली. बाकीचे चाळीसएक लोक माझ्या पदरात.

'शांतता विभाग' असा बोर्ड लावलेल्या कोपऱ्यात दोन तान्ही बाळं भोकाड पसरून रडत होती. निरंजनच्या लाडक्या बीनबॅगवर कुणीतरी ओली सतरंजी वाळत घातली होती. आमच्या सभासदांपैकी त्या दिवशी एकटा प्रणित खोत हजर होता. परदेशी कंपन्यांचं सॉफ्टवेअरचं काम करायचा. तो दर अर्ध्या तासानं येऊन मला विचारायचा, "मॅडम, वायफाय कधी येईल?" खाली रस्त्यावर पुरुषभर पाणी, आणि ह्याला वायफाय!

आणि शिकलगारचाचा. दस्तगीर शिकलगार, तळमजल्यावर शिलाईचं दुकान. वय साठीच्या पुढं, अंगानं सडसडीत, कानावर कायम खडू. पाणी यायला लागलं तसे ते नदीपलीकडच्या सांगलीवाडीहून पहाटेच निघाले होते आणि दुकानातलं सामान एकेक करून वर चढवत होते. दोन मशिनी, कापडाचे गठ्ठे, गिऱ्हाइकांचे ब्लाऊज. सगळं आणून त्यांनी आमच्या मीटिंग रूममध्ये लावलं.

"चाचा, मीटिंग रूम आहे ही," मी म्हटलं.

"मग मशिनींची मीटिंग होऊ दे की ताई. त्यास्नी पण कवा बोलायला मिळतंय?"

मला हसू आलं होतं, हे कबूल करते. पण ते सामान लावेपर्यंत पूल बंद झाला आणि चाचा अलीकडे राहिले.

मंगळवारी संध्याकाळी लाइट गेली आणि एक सोडून सगळ्या कंपन्यांचं नेटवर्क गेलं. राहिलं होतं तेही आमच्याकडे एकाच जागी मिळायचं, पूर्वेच्या खिडकीशी. आणि नेमकी त्या खिडकीशी निरंजननं हौसेनं फोनची केबिन बसवलेली. काचेची, आवाज आत-बाहेर न होणारी, एका माणसापुरती. आत बसून माणूस बोंबलला तरी बाहेर फक्त त्याचं तोंड उघडलेलं दिसायचं. एरवी तिच्यात खोत त्याच्या गोऱ्या साहेबांशी बोलायचा. बुधवारी सकाळी तिच्यासमोर रांग लागली. ज्यांच्याकडे त्या कंपनीचं कार्ड नव्हतं ते दुसऱ्याचा फोन मागून रांगेत उभे.

मग भांडणं. कोण आधी आलं, कुणाचं किती झालं, कुणाची आई जास्त आजारी. दोन बायका तर एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या. शेवटी मी मीटिंग रूमचा तक्ता काढला. कागदावर आखलेला, नाव, वेळ, कारण, सही. 'कारण' हा रकाना निरंजनचा. खोली कशासाठी हवी ते लिहिल्याशिवाय मिळायची नाही. तोच तक्ता मी केबिनच्या दाराला चिकटवला, दर माणशी दहा मिनिटं केली आणि पेन्सिल दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली. पेन्सिल माझ्याकडे म्हटल्यावर सत्ता माझ्याकडे. भांडणं तासाभरात थांबली. मला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं.

कारणाच्या रकान्यात लोक काहीबाही लिहायचे. 'आई'. 'म्हशी'. 'साडू'. एकानं 'उगाच' असं लिहिलं होतं, त्याला मी परत पाठवलं. शिकलगारचाचांनी तिन्ही वेळा एकच शब्द लिहिला, 'बायको'. आणि तिन्ही वेळा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून, फोन कानाला लावून गप्प बसले.

तिसऱ्या वेळेनंतर ते बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "लागला का फोन?"

"लागला की."

"मग बोलला का नाही?"

"झालं ताई काम," ते म्हणाले आणि खिडकीकडे निघून गेले.

आता ह्याला काय म्हणायचं? रांगेतल्यांनी मला घेरलं. एक म्हणाला, डोक्यावर परिणाम झालाय. एक म्हणाला, बायकोशी भांडण असेल, ती उचलत नसेल. कुणी म्हणालं, मॅडम, तुम्ही त्यांना घाबरता. हे शेवटचं मला झोंबलं. दोन दिवस अंगावरचे कपडे तेच, पोटात बिस्किटं, घसा बसलेला. मी दुपारी खुर्चीवर चढले आणि मोठ्यानं सांगितलं, "इथून पुढं जो बोलेल त्यालाच वेळ मिळेल. आत जाऊन नुसतं बसायचं असेल तर बाहेर खुर्च्या पुष्कळ आहेत."

लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. चाचा खिडकीतून खाली बघत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

दोनला माझी स्वतःची वेळ होती. घरी आईला खुशाली कळवावी म्हणून आत गेले, तर निरंजनचाच फोन आला.

"नंदिनी, तुम्ही लोकांनी काय कमाल केलीय! मी इथं सगळ्यांना सांगतोय. पुण्यातलं एक न्यूज पोर्टल आहे, त्यांना स्टोरी करायचीय. संकटात शेअर्ड वर्कस्पेस कसं बदलतं, कम्युनिटी कशी उभी राहते. चारला ती मुलगी तुला फोन करेल."

"निरंजन, इथं पिण्याचं पाणी उद्यापर्यंत पुरेल एवढंच आहे."

"तेच सांग ना तिला! बातमीत येईल, मदत येईल. दहा मिनिटांचं काम आहे."

"मला वेळ नाही. तक्ता भरत आलाय."

"अगं, तक्ता कुणाकडे आहे? तुझ्याकडेच ना?"

मी फोन ठेवला तेव्हा माझी आठ मिनिटं संपली होती. आईला लावायला दोन राहिली, त्यात तो लागला नाही.

मी बाहेर आले तर खाली रस्त्यावरून बचावाची बोट चालली होती. शिकलगारचाचा खिडकीतून कमरेपर्यंत वाकून बोटवाल्यांशी ओरडून बोलत होते. मग ते धावत माझ्याकडे आले. इतका वेळ शांत असलेला माणूस, पण आता त्यांच्या कपाळावर घाम होता.

"ताई, चारचा नंबर मला द्या."

"तुमचे तीन झाले, चाचा. काही लोकांचा एकही झाला नाही. आणि नवीन नियम केलाय तो ऐकलात ना?"

"चारला बोट आमच्या गल्लीत जाणाराय. माझी बायको तिकडं घरात..."

"चाचा, सगळ्यांच्याच बायका आहेत."

"तसं न्हवं ओ ताई, तिला..."

"मॅडम!" खोत मागून ओरडला. "इन्व्हर्टर शिट्ट्या मारतोय. बंद पडणार बहुतेक."

मी "आले आले" म्हणत तिकडे धावले. इन्व्हर्टरवर एकानं गुपचूप पाण्याचा हीटर लावला होता. त्याच्याशी भांडून, हीटर जप्त करून मी परत आले तर चाचा तिथं नव्हते. तक्त्यावर चार वाजताच्या ओळीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'द. शिकलगार. ४.००. बायको.' पेन्सिल माझ्या गळ्यात, म्हणून कानावरच्या खडूनं लिहिलेलं.

मी तिथं क्षणभर उभी राहिले, हे मला स्पष्ट आठवतं. चारला पोर्टलवाल्या मुलीचा फोन येणार होता, आणि दुसऱ्या कुणाची वेळ काढून घ्यायची तर तो भांडणार. हे तर बोलतच नाहीत. ह्यांची दहा मिनिटं गेली काय आणि राहिली काय. मी ओढणीच्या टोकानं ते नाव पुसलं आणि वर लिहिलं, 'नंदिनी मगदूम. पिण्याचे पाणी.'

चारला मी केबिनमध्ये बसले. पोर्टलवाली मुलगी गोड बोलत होती. तिनं पाण्याबद्दल एक वाक्य लिहून घेतलं आणि मग विचारलं, "पण एवढ्या लोकांना तुम्ही एकत्र कसं ठेवलंत?"

मी तिला तक्त्याचं सांगितलं. दहा मिनिटांचं, कारणाच्या रकान्याचं. आणि मला बोलायला आवडायला लागलं. दोन दिवसांत प्रथमच कुणीतरी काही मागायच्या ऐवजी मला विचारत होतं.

काचेवर थाप पडली. बाहेर शिकलगारचाचा उभे होते. मी हात वर करून 'थांबा' अशी खूण केली. त्यांनी पुन्हा थाप मारली. आता त्यांचे ओठ हलत होते, भराभरा हलत होते, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ते दोन बोटं वर करून दाखवत होते. दोन मिनिटं हवीत, असं मला वाटलं. मी परत पंजा दाखवला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले.

"थोडी शिस्त लावावी लागते," मी त्या मुलीला सांगितलं. "काहीजण उगाच वेळ अडवून बसतात. पण समजावलं की लोक ऐकतात."

सव्वाचारला मी दार उघडलं. चाचा मला ढकलूनच आत गेले. मला धक्का लागला, आणि मी चिडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा! ह्या वयात ही तऱ्हा!" आत त्यांनी नंबर लावला, ठेवला, पुन्हा लावला, ठेवला. मग फोन मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांना बाहेर काढायला मला टकटक करावी लागली नाही.

साडेपाचला ती बोट परतली. चाचा खिडकीतच होते.

"शिकलगारांच्या घरी कोण न्हाई ओ!" खालून आवाज आला. "हाका मारमारून दमलो. सगळी गल्ली मोकळी झाली. गेल्या असतील त्या कुणाबरोबर."

"कुठं जाईल ती?" चाचा ओरडले. "तुमास्नी सांगितलेलं की, तिला ऐकाय येत न्हाई! हाका काय मारताय?"

"चाचा, घरात शिरता येत न्हाई, दाराच्या वर पाणी हाय. माणूस भाईर दिसलं तर घेणार ना? आता परत जाईस्तवर अंधार पडंल. उद्या सकाळी सातनंतर परत जातो."

  बिरनाळेकाकू वरून पिठलं घेऊन आल्या होत्या, पातेलं हातात तसंच धरून त्या माझ्याजवळ आल्या.

"तुला ठाऊक न्हाई होय गं? दस्तगीरची जैनब जन्मापासनं बहिरी. बोलता, लिहिता-वाचता पण येत न्हाई तिला. वीस वर्षं माझ्या ब्लाऊजांना काजं तीच करून देते."

"पण मग फोन? बहिऱ्या माणसाला फोन कशाला करतात?"

चाचांनीच सांगितलं. माझ्याकडे न बघता, खिडकीतून बाहेर बघत.

"फोन ती कमरेला खोचून ठेवते. थरथरला की कळतं. दुपारी मी दुकानातनं लावतो. तीनदा थरथरू देते आन् कट करते. म्हंजे जेवले, बरी हाय. घरी गेलो की दारात उभा ऱ्हाऊन दोन मिस कॉल देतो, मग येऊन कडी काढते. फोन यायच्या आधी दाराला दोरी हुती. भाईरनं ओढली की आत टांगलेलं फडकं हलायचं."

"आणि आज?"

"पाणी चढलं की ती मागच्या माळ्यावर जाऊन बसते, ठरलेलंच हाय. तिथनं गल्ली दिसत न्हाई. शेजारच्यांस्नी वाटलं असंल, माझ्यासंगं गेली. बोट दारात आली की दोन मिस कॉल द्यायचे हुते. ती पुढं आली असती. तशी सवयच हाय तिला, दोन आले की पुढं यायची."

चार वाजता काचेबाहेर वर केलेली दोन बोटं मला आत्ता कळली.

"मग हे सांगायचं नाही का, चाचा?" मी ओरडलेच. राग कुणाचा, काढला कुणावर, पण ओरडले. "सकाळपासून तीन वेळा आत जाऊन बसलात. एकदा तोंडानं सांगायचं नाही?"

"सांगत हुतो की, ताई," ते म्हणाले.

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही.  

मग आमची ती कम्युनिटी, जिच्या नावानं मी दोन वर्षं कपाळाला हात लावत होते, पहिल्यांदा आपणहून हलली. निरंजनचं भाषण नाही, माझी पेन्सिल नाही. खोतानं खिडकीतून ओरडून बोटवाल्याचा मोबाइल नंबर घेतला आणि हाताच्या तळव्यावर लिहिला. 'साडू' लिहिणारा माणूस तक्त्यापाशी गेला, सकाळी सातच्या ओळीतलं स्वतःचं नाव त्यानं थुंकी लावून पुसलं. त्याच्यामागून 'म्हशी'वाला. मग त्या दोन भांडकुदळ बायका. सात ते नऊ वाजेपर्यंतच्या ओळी मोकळ्या झाल्या. शेवटी खोत आला. त्याचं साडेसातला 'क्लायंट' होतं. माझ्या गळ्यातली पेन्सिल मागून घेऊन त्यानं त्यावर काट मारली.

"नोकरी जाईल तुझी," मी म्हटलं.

"जाऊ दे मॅडम. वायफाय तरी कुठं आहे?"

संध्याकाळी सातला चाचांनी एकदाच फोन लावला. आम्ही सगळे काचेबाहेर. ते मनात मोजत होते, आणि आता आम्हीही मोजत होतो. त्यांनी फोन कानावरून खाली घेतला, आमच्याकडे वळले आणि होकारार्थी मान हलवली. तीन रिंगांनंतर तिनं कट केला होता. तिकडे माळ्यावर काळोखात बसलेली बाई बरी होती. पण तिचा फोन दोन दिवस चार्ज झालेला नव्हता. चाचा म्हणाले, आता सकाळपर्यंत लावायचा नाही. बॅटरी राहिली पाहिजे.

त्या रात्री मला कुणी काही बोललं नाही. कुणीतरी बोलायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी सातला चाचा केबिनमध्ये शिरले. त्यांच्या शेजारी अंग चोरून खोत, त्याच्या कानाला दुसरा फोन, पलीकडे बोटवाला. केबिन एका माणसापुरती, म्हणून दार लागेना. मी ते पायानं उघडं धरून उभी राहिले. मागे चाळीस माणसं, आणि खरोखर 'शांतता विभाग' झालेला.

सातचाळीसला खोत म्हणाला, "बोट गल्लीत शिरली. द्या, चाचा."

चाचांनी बटण दाबलं. मला शेजारून ऐकू आलं, ती नेहमीची बाई थंडपणे सांगत होती की हा ग्राहक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. चाचांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तीच बाई.

"बॅटरी गेली काय?" कुणीतरी मागून पुटपुटलं.

"गप ऱ्हा रे," बिरनाळेकाकू म्हणाल्या.

"चाचा, बोटवाला म्हणतोय प्रवाह जोरात आहे. जास्त वेळ थांबता येणार नाही," खोत म्हणाला.

"त्याला सांग थांब," मी म्हटलं. "सांग त्याला, पाया पडते, थांब."

तिसऱ्या वेळी मात्र रिंग गेली. चाचांनी एक वाजू दिली आणि कट केला. लगेच पुन्हा लावला. पुन्हा एक, आणि कट. मग फोन छातीशी धरला.

खोत ऐकत होता. "नाही म्हणतोय. कुणी दिसत नाही. दार, खिडकी, काही नाही... म्हणतोय आता निघतो... हां? काय? थांबा म्हणतोय... पुढच्या पत्र्यावर बाई आली. चाचा, हिरवी साडी आहे का?"

"हिरवीच," चाचा म्हणाले.

"घेतली! बोटीत घेतली!"

हॉलमध्ये जो कल्ला झाला, तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, खोत रडत होता, काकू मला धरून गदागदा हलवत होत्या. चाचा केबिनमध्ये भिंतीकडे तोंड करून बसले होते, फोन हातात, गप्प. मी केबिनचं दार लोटून घेतलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पण काचेवर टकटक कुणी केली नाही.

पाणी उतरायला आणखी चार दिवस लागले. पोर्टलवर माझी मुलाखत आली. 'महापुरात शिस्तीचा धडा' असं शीर्षक होतं, आणि खाली ते वाक्य, 'काहीजण उगाच वेळ अडवून बसतात.' निरंजननं ती छापून, चौकट करून केबिनच्या समोरच्या भिंतीवर लावली. मी ती काढली. त्यानं परत लावली. ह्या माणसाला मी किती वेळा आणि काय समजावून सांगणार होते?

पाणी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा मशिनी न्यायला आले. बरोबर जैनबचाची होत्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, चिखलात भरलेल्या चपला त्यांनी दारातच काढल्या. चाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं, अंगठा आणि करंगळी कानाला लावली, दोन बोटं वर केली, मग हाताची होडी करून ती पुढं नेली. चाची माझ्याजवळ आल्या, दोन्ही हात माझ्या चेहऱ्यावरून फिरवून त्यांनी स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं, ह्या ताईनं फोन लावाय दिला, म्हणून बोट आली."

"आणि आदल्या दिवशीचं?"

"ते कशाला, ताई?"

मला ते सोसेना. "चाचा, 'माझं चुकलं' हे खुणेनं कसं सांगायचं? मला दाखवा. मी सांगते."

चाचा विचारात पडले. हात वर केला, खाली घेतला.

"तसली खूण आमच्यात न्हाई ओ ताई," ते म्हणाले. "चाळीस वर्षं संसार झाला, कवा लागलीच न्हाई."

आम्ही काय बोलतोय ते चाचींना कळत नव्हतं, आणि त्यांना घाईही होती. त्या मीटिंग रूममध्ये गेल्या, एका मशिनीचं टोक धरलं आणि दुसरं टोक धर म्हणून मला हातानं खुणावलं. मी गळ्यातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मशीन चांगलंच जड होतं. जिन्यावर गाळ होता, माझा पाय घसरत होता. पुढं त्या, मागे मी.

"थांबा," मी म्हटलं. पहिल्या मजल्यावर पुन्हा एकदा म्हटलं, "चाची, जरा थांबा."

मग लक्षात आलं. तोंड मिटलं आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकत खाली उतरत राहिले.